पालकाची सही

"ही सही तुमची आहे का?" वर्गशिक्षिकेने अर्ज त्याच्यासमोर सरकवला.

बस आगारातला मेकॅनिक हातातलं काम टाकून आला होता. नखांत ग्रीस तसंच होतं. दाराशी मुलगी उभी होती. नववीतली, उंचीने त्याच्या खांद्याला लागलेली. बुटाच्या टोकाने फरशी कोरत होती.

"भालाफेकीच्या संघात हिची निवड झालीये," बाई म्हणाल्या. "उद्या सकाळी सातला संघ स्पर्धेला निघतो. पालकांची सही नसेल तर मी कुणाला नेत नाही. आणि खोटी असेल तर नाव कापते. मग खेळाडू कितीही चांगला असो."

भालाफेक? त्याला गंधवार्ताही नव्हती. दोन वर्षांपूर्वी त्याने हिच्या आईशी लग्न केलं, तेव्हापासून तिघं एकाच घरात राहत होते. पण मुलीचं सगळं आईपाशी. आई पंधरा दिवसांपूर्वी बहिणीच्या बाळंतपणाला गेली आणि घरात उरली ही दोघं. भांडण नव्हतं, अबोलाही नव्हता. तो विचारायचा, "भाजीत मीठ बरं आहे ना?" ती म्हणायची, "आहे." झालं, संपलं बोलणं. तिला काही सांगायचं असलं, की ती चिठ्ठी लिहून त्याच्या डब्याखाली सरकवायची. चिठ्ठीला मायना नसायचा.

त्याने सही पाहिली. हो म्हणून टाकावं, असं अगदी ओठांवर आलं होतं. एका शब्दाचं तर काम. पण ब्रेक तपासल्याशिवाय त्याने आजवर एकाही गाडीच्या कागदावर सही केली नव्हती. आणि या पोरीसमोर खोटं बोलायला जीभ रेटेना.

"नाही," तो म्हणाला. "माझी नाही."

मुलीने मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. तिचे कान लालबुंद झाले.

तो तिच्याकडे वळला. "अगं, मागितली असतीस तर मी दिली नसती का सही?"

"दोनदा आले होते मागायला," ती पुटपुटली. "तुम्ही पाठमोरे होतात. हाक मारावी लागली असती. काय म्हणून मारू, तेच सुचेना."

बाईंनी लाल पेन उचललं, टोपण काढलं, पुन्हा लावलं. मग ड्रॉवर उघडून एक कोरा अर्ज बाहेर काढला.

"परत आलीस की आठवडाभर मैदान झाडायचं," त्यांनी मुलीला बजावलं. "आणि तुम्ही, हा तुमच्या हाताने भरा. माझ्यासमोर. जुन्यावरून उतरवा, पण खोटं असेल ते दुरुस्त करा."

तो खुर्चीत पुढे सरकून लिहू लागला. विद्यार्थिनीचं नाव. इयत्ता. पत्ता. पालकाच्या जागी तिने त्याचं पूर्ण नाव लिहिलं होतं, काना-मात्रेचीही चूक न करता. पुढचा रकाना होता, 'विद्यार्थिनीशी नाते'. त्याचा हात थबकला. काहीही लिहिलं असलं तरी मनाला लावून घ्यायचं नाही, असं त्याने ठरवलं आणि जुन्या अर्जाकडे पाहिलं.

एकच शब्द होता. वडील.

तो नुसता बघत राहिला.

"काय झालं?" बाईंनी विचारलं. "तिथेही काही खोटं लिहिलंय का?"

"नाही, बाई," तो म्हणाला. "खोटी तेवढी सहीच होती."