तिच्या नावाचा पत्ता

कोणता नट उद्या चमकणार, याचा वास त्याला आधीच लागायचा. मग त्या नटाच्या नावापुढे ‘डॉट फिल्म’ लावून इंटरनेटवरचा तो पत्ता तो गुपचूप स्वतःच्या नावावर करून ठेवायचा. पुढे नट मोठा झाला, की तो पत्ता विकत घ्यायला नाक मुठीत धरून याच्याच दारात यायचा. स्वतःच्या मुलीला मात्र त्याने तोंडावर सांगितलं होतं, “अभिनय हे तुझं काम नाही, नोकरी बघ.”

आज तिच्या पहिल्याच सिनेमाचा ट्रेलर आला आणि जो तो तिचंच नाव घेऊ लागला. तो लगबगीने लॅपटॉपपाशी गेला. बघतो तर काय, तिच्या नावाचा पत्ता आधीच कुणीतरी घेतलेला! घरभर येरझाऱ्या घालत त्याने धंद्यातल्या एकेकाला फोन लावला, पण सगळ्यांनीच कानांवर हात ठेवले.

“माझ्याही आधी हिला ओळखणारा हा कोण टिकोजीराव?” तो करवादला.

कपड्यांच्या घड्या घालणाऱ्या बायकोने मानही वर केली नाही.



“मी. शाळेच्या नाटकात ती झाड झाली होती ना, त्याच दिवशी घेतला.”