चाळिसाव्या दिवसाचं पत्रक

आमच्या सोफियात माणूस गेला की त्याच्या फोटोचं पत्रक दारावर लावतात, चाळिसाव्या दिवशी पुन्हा एकदा. माझ्या नवऱ्याची, त्रायकोची पत्रकं मात्र मी शहरभर लावत सुटले होते. तीस वर्षं दर रविवारी तो "नवी वस्ती बघून येतो" म्हणून बाहेर पडायचा. घरात त्याचा जीव रमायचाच नाही.

"अकरा वस्त्या झाल्या, आई," लेक करवादली. "एकानं तरी ओळखलं का बाबांना?"

"तू खळीचा डबा धर."

बारावी वस्ती ट्रामच्या शेवटच्या थांब्यापाशी होती. तिथं एका हिरव्या दारासमोर माझा ब्रश हातातच राहिला. दारावर आधीच पत्रक होतं. नाव त्रायकोचं, तारीखही त्याचीच. खाली एवढंच लिहिलेलं: 'आता रविवार कसे काढायचे?'

माझ्या पत्रकावर पासपोर्टसाठी काढलेला फोटो होता, ओठ घट्ट मिटलेला. इथं तो तोंडभर हसत होता.

लेकीनं माझा दंड धरला. "आई, चल. घंटा वाजवू नकोस."

"नाही वाजवत गं. जरा थांब. हसताना कसा दिसायचा, ते तरी बघू दे."