लव्ज की लव्ड?

इंग्रजीच्या निवृत्त शिक्षिका जुलियानाबाई मालवणजवळच्या आपल्या घरात पर्यटकांना उतरायला खोली देत. त्या दिवशी बंगळूरचं जोडपं सकाळी कड्यावर फिरायला गेलं आणि नवरा एकटाच परतला. "ती फोटो काढतेय, जेवायला येईल," तो इंग्रजीत म्हणाला. त्याचं बोलणं ऐकून बाई सुखावल्या. 'गो'चं 'वेन्ट', 'टेक'चं 'टुक'. तीस वर्षं पोरं जिथे अडखळली, तिथे हा एकदाही चुकला नाही.

बाईंनी सुरमईची आमटी वाढली. "माय वाइफ लव्ड फिश करी," तो सहज बोलून गेला.

बाईंचा हात थबकला. 'लव्ज' नाही, 'लव्ड'? आवडते नाही, आवडायची? आणि हा तर चुकणारा माणूस नव्हे. त्या आत गेल्या आणि दार लोटून आपल्या नवऱ्याला म्हणाल्या, "लिनो, पोलिसांका फोन लाव."

"कित्याक गो?"

"तो म्हणता बायल फोटो काढता, आणि तिच्याविषयी बोलता भूतकाळात."



कड्यावरून ढकललेली ती बायको पोलिसांना खालच्या खडकांत सापडली, पाय मोडलेली पण जिवंत. नवऱ्याने भूतकाळ जरा लवकरच वापरला होता.