ब्लू मेसा मोटेलची साक्ष

रस्ता

"पाडायचंच असेल तर पाडा, पण आधी आत येऊन कॉफी तरी प्या," व्हर्ना स्ट्रॉबेल म्हणाली.

पाडायचं की नाही ते ठरवायला आलेली गावच्या समितीची माणसं सहासष्ट नंबरच्या रस्त्याच्या कडेला उभी राहून मोटेलची पाटी न्याहाळत होती. नवा हायवे झाल्यापासून इकडे गाड्या फिरकत नव्हत्या. पोहण्याच्या तलावात गवत माजलं होतं. गावाला इथे ट्रक थांबायला जागा हवी होती.

मोटेल वाचायला एकच आधार होता. काळ्या माणसांना या रस्त्यावर कोणी खोली देत नसे, तेव्हा आपले वडील देत, असं व्हर्नाचं म्हणणं होतं.

"बापाबद्दल सगळ्याच मुली चांगलं बोलतात," समितीच्या रमोना बाका म्हणाल्या. "कोणी साक्षीला आहे?"

"टल्साहून आलेत. आत बसलेत."

ऑफिस

त्या काळी इथे राहिलेल्या काळ्या माणसांसाठी व्हर्नाने वर्तमानपत्रात दिलेलं आवाहन वाचून लूशस टॉलिव्हर आपण होऊन आला होता. गुडघ्यावर हॅट. शेजारी बायको, ओपल.

"कधीची गोष्ट?" रमोनांनी विचारलं.

"एकोणसाठचा उन्हाळा. नुकतं लग्न झालं होतं."

"मागच्या दाराने आलात?"

"नाही बाई. पुढच्या. इथेच उभा होतो, या टेबलापाशी."

"आणि स्ट्रॉबेल काय म्हणाले?"

"माझ्या डोळ्यांत बघून बोलले. ओरडले नाहीत."

"खोली दिली?"

ओपल पर्समध्ये रुमाल शोधू लागली.

"सात नंबरची," लूशस म्हणाला.

"इतक्या वर्षांनी नंबर लक्षात राहिला?"

"ती रात्र मी मरेपर्यंत विसरणार नाही, बाई."

रमोना ओपलकडे वळल्या. "तुम्हाला काय आठवतं?"

"ऊन," ओपल म्हणाली. "फार ऊन होतं त्या दिवशी."

व्हरांडा

समितीची गाडी गेली. मोटेल राहणार होतं.

व्हर्नाने ओपलला मिठी मारली ती सोडेचना. "गावात सगळे बाबांना खडूस म्हणायचे हो. मीसुद्धा म्हणायचे. आज वाटतं, त्यांच्याशी जरा नीट बोलायला हवं होतं."

ओपलने तिच्या पाठीवरून हात फिरवला. नवऱ्याकडे मात्र तिने रोखून पाहिलं.

"आज इथेच राहायचं," व्हर्ना डोळे पुसत म्हणाली. "तुमच्याच खोलीत. आणि पाकिटाला हात लावलात तर बघा!"

तिने किल्ली लूशसच्या हातात ठेवली.

खोली सात

दार उघडून लूशस उंबऱ्यातच उभा राहिला. पलंग. फुलाफुलांचे पडदे. खिडकीतून दुपारचं ऊन आत आलेलं.

"आत ये की. का कोणी धरून ठेवलंय?" ओपल म्हणाली. "आणि बाथरूम कुठल्या बाजूला आहे, साक्षीदार?"

"मला काय माहीत?"

"तेच म्हणते मी." ओपल पलंगावर बसली. "तिच्या बापाने आपल्याला दारातून परत पाठवलं. सगळी रात्र गाडीत काढली आपण. आणि तू त्याला संत करून ठेवलंस. कशासाठी, म्हाताऱ्या?"

लूशस आत आला. त्याने बूट काढून पलंगाखाली नीट लावले, आडवा झाला, आणि डोक्याखाली उशी ओढून घेतली.

"हे मोटेल पाडलं असतं, ओपल, तर मला इथे झोपायला कधी मिळालं असतं?"