तपकिरी बॅग

“ठेवू की काढू, तेवढं सांगा, बाबा. सोमवारी पुस्तक छापायला जातंय.”

मुलीने कागदांचा गठ्ठा दुकानाच्या टेबलावर ठेवला. वडिलांनी हातातलं काम बाजूला सारलं, चष्मा पुसला आणि आधी पहिल्या पानावरचं तिचं नाव वाचलं. दहा मिनिटांत चौथ्यांदा. दर वेळी त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढत होतं.

बॅगा दुरुस्त करण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली होती. चेन, कड्या, मुठी, चाकं, अस्तर. अस्तर बदललं की आतल्या कोपऱ्यात लाल दोऱ्याने मालकाचं नाव घालायची त्यांची पद्धत होती. “बॅग हरवली तरी माणूस सापडला पाहिजे,” असं ते गिऱ्हाइकाला ऐकवत. हल्ली मात्र चेनचं राहायचं बाजूला, आधी लेकीच्या कादंबरीची बातमी. शेजारच्या छत्रीवाल्याला ती एव्हाना तोंडपाठ झाली होती.

कादंबरीत बहुतेक सगळं घरचंच होतं. वडिलांचं शीळ घालत सुईत दोरा ओवणं, राग आला की आईचं भांडी आपटणं. आणि सातव्या प्रकरणात ते अकरा दिवस.

मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. तिला आत्याकडे ठेवलं होतं. का, ते कुणी सांगितलं नव्हतं. बाराव्या दिवशी आत्याने तिला घरी आणून सोडलं, तर वडील दारात उभे, हातात तपकिरी बॅग. आई आत खुर्चीवर बसलेली, पायांत चपला तशाच, डोळे सुजलेले. गावभर बाबांना शोधून दमली असेल, असं पोरीने मनाशी ठरवून टाकलं.

“बाबा, कुठे गेला होतात?” तिने विचारलं होतं.

“गेलो होतो जरा. आलो ना परत?”

एवढ्या आठवणीवर तिने अख्खं प्रकरण उभं केलं होतं. घर सोडून गेलेला बाप, आणि परत यायला लागणारी हिंमत.

“काढून टाक ते,” आई म्हणाली. ती जेवणाचा डबा घेऊन आली होती आणि तो हातात धरूनच उभी होती. “चार लोक काय म्हणतील यांना? बायकापोरं टाकून गेलेला माणूस? आयुष्यभर ताठ मानेने जगले, आणि आता हे?”

“म्हणून तर विचारतेय, आई. पण ते प्रकरण गेलं तर पुस्तकाचा कणाच जातो.”

“अगं, पण ते तसं...” आई अडखळली. डबा उगाचच या हातातून त्या हातात करत राहिली.

“वाच,” वडील मुलीला म्हणाले. “परत येतो ते वाच.”

मुलीने वाचलं. बाप जिना चढतोय. बॅगेची मूठ तळहातात रुततेय. प्रत्येक पायरीवर त्याला वाटतंय, दार उघडलंच नाही तर? आईने तोंड फिरवलं. वडिलांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही.

“एक टाकासुद्धा उसवायचा नाही,” ते म्हणाले. “जिन्यात जीव कसा वरखाली होतो, ते तुला कसं गं कळलं? शाब्बास! आपल्याला तर हा बाप जाम आवडला.”

“लोक तुम्हाला विचारतील, बाबा.”

“विचारू देत. सांगेन, माझ्या लेकीने लिहिलंय.”

मुलीने त्यांचा राकट हात दोन्ही हातांत घट्ट धरला. किती दिवसांचं ओझं उतरलं होतं तिच्या डोक्यावरून. निघता निघता ती थबकली.

“ती तपकिरी बॅग आहे अजून? प्रकाशनाच्या दिवशी पुस्तकांशेजारी ठेवायचीय. आताच नेते.”

“उद्या ने,” वडील घाईने म्हणाले. “अस्तर जरा बघायला हवं.”

ती गेल्यावर त्यांनी स्टूल ओढलं आणि सगळ्यात वरच्या फळीवरून बॅग खाली काढली. धूळ झटकली, झाकण उघडलं. अस्तर अजून शाबूत होतं. त्यांनी ब्लेड घेतलं आणि कोपऱ्यात लाल दोऱ्याने घातलेलं बायकोचं नाव ते एकेक टाका करत उसवू लागले.

आईने हातातला डबा टेबलावर ठेवला.

“अहो, सांगून टाकू या तिला,” ती म्हणाली. “माझी बॅग तुम्ही अजून किती वर्षं उचलणार?”

त्यांनी शेवटचं अक्षर काढलं आणि सुटा दोरा फुंकर मारून उडवला.

“तुला आणायला आलो,” ते म्हणाले, “त्या दिवसापासून ती माझ्याच हातात आहे.”