मांजरा मेलडीजची जोडी

"कार्यक्रम झकास झाला, पण एक सांगू का?" धर्माबादच्या आयोजकानं अमृतरावांना स्टेजमागं ओढलं. "तुमची ती बाई लोकांकडं बघतच न्हाई. सगळा वेळ त्या मोहियोद्दीनकडं. माझी सासू सुद्धा म्हणली, ह्यांचं कायतरी हाय."

"ड्युएट हाय ना, बघणारच," अमृतराव हसून म्हणाले. पण लातूरला परतताना गाडीत तेच त्यांच्या डोक्यात फिरत होतं. ही गोष्ट त्यांच्या कानावर पहिल्यांदा आली नव्हती.

मांजरा मेलडीज हा ऑर्केस्ट्रा त्यांनीच उभा केलेला. जुन्या सिनेमांची गाणी, रिसेप्शन, गणपती, कुणाची साठी. कीबोर्डवर ते स्वतः. मोहियोद्दीन गंजगोलाई बाजाराजवळ शिलाईचं दुकान चालवायचा आणि पुरुषांची गाणी म्हणायचा. बायकांची गाणी सौदामिनीताईंकडं. त्यांनी मागच्या वर्षी शाळेतली नोकरी सोडली होती. गाण्यासाठी सोडली, असं सगळे धरून चालले होते.

ताईंचं एकटीचं गाणं असलं तरी मोहियोद्दीन बसायला जायचा नाही. खाली पहिल्या रांगेच्या पुढं उभा राहायचा, छातीपाशी हात धरून बोटं हलवत. ताई त्याच्याकडं बघत गायच्या. मागून अमृतराव काही बोलले तर उत्तर नाही. घरी फोन लावला तर मुलगी इरा उचलायची. "आई कामात आहे काका, मेसेज टाका."

पूर्वी ताई अशा नव्हत्या. कौतुक डोक्यात गेलं, असं अमृतरावांना वाटायचं. आता वेगळंच वाटू लागलं.

दोन दिवसांनी ते दुकानात गेले. मोहियोद्दीन कापड कापत होता.

"भाई, थोडे दिवस घरी थांबा. लोक काय काय बोलून राहिले."

"काय बोलून राहिले?"

"तुमचं अन् ताईंचं."

कात्री थांबली. तो चिडेल, निदान शपथा तरी घेईल, असं अमृतरावांना वाटलं होतं. त्यानं एवढंच विचारलं, "ताईंना सांगितलं?"

"त्यांना काय सांगायचं?"

मोहियोद्दीननं कापडाची घडी घातली. मग म्हणाला, "नवा माणूस घेताल तर त्याला ताईंच्या समोर उभा करा भाऊ. बाजूला नको."

ही काय मागणी झाली? अमृतराव चक्रावून बाहेर पडले. दुसऱ्या दिवशी ऑर्केस्ट्रात ताल धरणारा मोहियोद्दीनचा भाचा अजहरही आपला ऑक्टोपॅड उचलून गेला.

उदगीरहून संगमेश आला. आवाज खणखणीत. एकाच तालमीनंतर ताईंनी मान हलवली. "यांच्यासोबत जमणार नाही."

"का बरं?"

"नाही जमणार."

संगमेश रागारागानं निघून गेला. मग नांदेडचा अनय आला. देखणा, हसरा, माईक घेऊन लोकांत फिरणारा. ताई त्यालाही नाही म्हणाल्या. या वेळी अमृतरावांनी ऐकलं नाही. निलंग्याचं रिसेप्शन तोंडावर होतं.

आणि मग एका संध्याकाळी ताईंचे यजमान, शरदचंद्र, स्वतः अमृतरावांच्या दारात आले.

"मोहियोद्दीनभाईंना परत घ्या," ते म्हणाले.

अमृतरावांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "साहेब, लोक काय बोलतात ते तुम्हाला कळलंय का?"

"कळलंय."

"अन् तरी?"

"तरी. कारण विचारू नका. तिनं मला शपथ घातली आहे."

नवराच असं म्हणतो? अमृतरावांना रात्रभर झोप लागली नाही. कोण कुणाला फसवून राहिलंय, हेच त्यांना उमगेना.

निलंग्यात पहिली तीन गाणी अनयनं एकट्यानं गाजवली. चौथं ड्युएट. आपलं कडवं संपवून तो गात गात खाली उतरला आणि नवरदेवाच्या मित्रांत नाचू लागला. आता ताईंचं कडवं. संगीत वाजलं, संपलं. ताई उभ्याच. नजर अनयला शोधत गर्दीत फिरत होती. अमृतरावांनी तोच तुकडा पुन्हा वाजवला. ताईंनी मध्येच सुरुवात केली, भलत्याच सुरात. अमृतरावांनी कीबोर्डवरून हात उचलला, बाकीचेही थांबले. ताई गातच राहिल्या.

आधी खसखस पिकली, मग शिट्ट्या सुरू झाल्या. ताईंना पुढच्या रांगेतले हसरे चेहरे दिसले, तेव्हा कुठं त्या थांबल्या. त्यांनी माईक खाली ठेवला आणि मांडवाच्या मागच्या बाजूनं निघून गेल्या.

एका माणसापायी बाईनं इतकं वेडं व्हावं? अमृतरावांना राग आला होता आणि कीवही.

सकाळी ते ताईंच्या घरी गेले. दार शरदचंद्रांनी उघडलं.

"ताईंना बोलवा. एकदा तोंडावर विचारतो. त्यांचं प्रेम असंल तर असंल, मला त्याचं काई न्हाई. पण माझा ऑर्केस्ट्रा बुडून राहिलाय."

शरदचंद्र बाजूला झाले आणि त्यांनी स्वयंपाकघराकडं हात केला.

ताई पाठमोऱ्या उभ्या राहून मेथी निवडत होत्या. शेजारी शेगडीवर कुकरची शिट्टी झाली. लगेच दुसरी. मग तिसरी.

"ताई," अमृतराव म्हणाले. मग ओरडलेच, "ओ ताई!"

त्या मेथी निवडत राहिल्या. आणखी एक शिट्टी झाली. शरदचंद्रांनी आत जाऊन गॅस बंद केला. त्यांचा हात दिसला तशा ताई वळल्या, आणि दारातल्या अमृतरावांना बघून जागीच थिजल्या.

"दोन दिवाळ्या झाल्या, तिला काहीच ऐकू येत नाही," शरदचंद्र म्हणाले. "बोलते ते समोरच्याचे ओठ वाचून. आणि गाते ते मोहियोद्दीनभाईंच्या बोटांकडं बघून."