एकच मच्छरदाणी

घरात मच्छरदाणी एकच. शकीलानं ती धाकट्या उमैमाच्या खाटेवर बांधली आणि थोरल्या आयशाची समजूत काढली, "तुले मांगच्या साली डेंगू होऊन गेला बेटा, आता तुले काय होते? हिले झोपू दे त्यात."

पावसाळा सरत आला आणि आयशाच तापानं फणफणली. हिरड्यांतून रक्त यायला लागलं, तसं शकीलानं तिला खामगावच्या दवाखान्यात आणलं.

"हिला आधी कधी डेंग्यू झाला होता?" डॉक्टरांनी विचारलं.

"हाव साहेब, मांगच्या सालीच होऊन गेला," शकीला मोठ्या आशेनं म्हणाली.

"मग धोका जास्त आहे. पहिल्या डेंग्यूशी लढून आलेली ताकद दुसऱ्या जातीच्या डेंग्यूला अडवत नाही, उलट त्याला शरीराच्या पेशींत शिरायला मदत करते."

 

शकीलानं घरातल्या एकाच मच्छरदाणीची गोष्ट सांगितली, तसे डॉक्टर म्हणाले, "मच्छरदाणीत आधी हिलाच झोपवायला पाहिजे होतं, ताई."